एकाच ताग्यातलं कापड

फोटोत तीन मुलं आहेत. मधे सगळ्यात धाकटा, त्याला उंच खुर्चीत बसवलंय, एका बाजूला मोठा भाऊ, दुसऱ्या बाजूला बहीण. हसत कुणीच नाहीये, कारण तेव्हा फोटो काढायचा म्हणजे काही सेकंद अजिबात हलायचं नाही, आणि चार वर्षांच्या पोराला तेवढा वेळ गप्प बसवणं हेच मोठं काम. नीट बघितलं की बहिणीचा फ्रॉक आणि मोठ्या भावाचं जाकीट एकाच कापडाचं आहे. मी हे प्रकरण लिहायला बसलोय ते त्या कापडासाठी.

हा फोटो गेटिसबर्गला एका मेलेल्या सैनिकाच्या हातात सापडला. पेनसिल्व्हेनियातलं छोटंसं गाव, अमेरिकेच्या यादवी युद्धातली सगळ्यात मोठी लढाई, १ ते ३ जुलै १८६३. पहिल्याच दिवशी उत्तरेकडच्या फौजेला गावातून मागे हटावं लागलं, गावाच्या कडेला एका विटांच्या कारखान्यापाशी १५४वी न्यूयॉर्क पलटण अडकली, बरेच जण पकडले गेले, काही जण गल्ल्यांमधून पळत सुटले. त्यातला एक जण स्ट्रॅटन स्ट्रीट आणि यॉर्क स्ट्रीटच्या आसपास एका मोकळ्या जागेत जाऊन पडला आणि तिथंच गेला. अंगावर नाव नाही, पत्र नाही, काही नाही. फक्त हातात हा काचेवरचा फोटो.

आता कुणी म्हणेल नाव नाही म्हणजे काय, गळ्यात बिल्ला नसायचा का. तर नसायचा. अमेरिकन लष्कराने ओळखीचे बिल्ले १९०६ साली आणले, त्याआधी सैनिक आपापल्या बुद्धीने कागदावर नाव लिहून कोटाला टाचणीने लावायचे, ज्यांना परवडेल ते फेरीवाल्याकडून धातूची चकती विकत घ्यायचे. त्यामुळे गेटिसबर्गच्या राष्ट्रीय दफनभूमीत हजाराच्या जवळपास कबरी बेनाम आहेत. हा माणूसही तिथंच, बेनाम म्हणूनच गेला असता.

फोटो पहिल्यांदा एका सराईवाल्याच्या मुलीच्या हाती लागला. बेंजामिन श्राइव्हर म्हणून माणूस, गेटिसबर्गच्या पश्चिमेला तेरा मैलांवर ग्रॅफेनबर्गला त्याची सराई होती. येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो फोटो दाखवायचा आणि गोष्ट सांगायचा. फिलाडेल्फियाचे एक डॉक्टर, जॉन फ्रान्सिस बर्न्स, जखमींच्या मदतीला गेटिसबर्गला चालले होते, वाटेत त्यांची गाडी बिघडली आणि ते नेमके या सराईत थांबले. त्यांनी फोटो बघितला, गोष्ट ऐकली, आणि श्राइव्हरला पटवून फोटो स्वतःकडे घेतला, की मी या मुलांचा शोध लावतो.

इथून पुढे जे झालं ते आपल्या सगळ्यांच्या कामाचं आहे, म्हणजे जे जे जुने फोटो, जुनी कार्डं, जुनी कात्रणं गोळा करतात त्यांच्या.

बर्न्सकडे फोटो होता पण तो छापता येत नव्हता. हे आज डोक्यात शिरायला वेळ लागतो. १८६३ सालचं वर्तमानपत्र म्हणजे नुसती अक्षरं, चित्र हवं असेल तर लाकडाच्या ठोकळ्यावर कोरून घ्या, ते मोठ्या साप्ताहिकांना जमायचं, रोजच्या पेपरला नाही. बारीक ठिपक्यांनी फोटो छापायची हाफटोनची युक्ती न्यूयॉर्कच्या एका दैनिकात आली ती ४ मार्च १८८० ला, म्हणजे या गोष्टीनंतर सतरा वर्षांनी. त्यामुळे फोटोचं शब्दांत वर्णन करणं एवढंच हातात होतं. १९ ऑक्टोबर १८६३ ला 'फिलाडेल्फिया इन्क्वायरर'मध्ये मजकूर आला, मथळा असा की हा कुणाचा बाप होता. आणि आत वर्णन: दोन मुलगे आणि एक मुलगी, वयं अंदाजे नऊ, सात आणि पाच, मोठा आणि धाकटा मुलगे, मधली मुलगी, धाकटा उंच खुर्चीत, दोन बाजूंना भाऊ आणि बहीण, आणि मोठ्याचं जाकीट बहिणीच्या फ्रॉकच्याच कापडाचं.

हे शेवटचं वाक्य ज्याने कुणी लिहिलं त्याला मानलं पाहिजे. बाकी सगळं वर्णन हजार घरांना लागू पडतं, दोन मुलगे एक मुलगी कुणाच्या घरात नसतात, आणि वयाचा अंदाज तर तिघांच्याही बाबतीत एकेक वर्षाने चुकला, मुलं खरं म्हणजे आठ, सहा आणि चार वर्षांची होती. केसांचा रंग, डोळ्यांचा रंग या फोटोत कळतच नाही. पण ताग्यातून कापड काढून त्यातच लेकीचा फ्रॉक आणि लेकाचं जाकीट, हे ज्या घरात झालं त्या घरातल्या बाईला ते वाक्य वाचल्या वाचल्या कळणार. तेव्हा मुलांचे कपडे बहुतेक घरीच शिवायचे, तयार कपडे पुरुषांचे मिळायला लागले होते पण पोरांचे फारसे नाही, आणि त्यात युद्धामुळे दक्षिणेतला कापूस यायचा बंद झालेला, सुती कापडाचे भाव चढलेले. आपल्याकडेही दिवाळीला एकाच ताग्यातले कपडे सगळ्या भावंडांना शिवायचे, ज्यांच्या घरात हे झालंय त्यांना मी काय म्हणतोय ते लगेच समजेल, लग्नाच्या फोटोत सगळी चुलत भावंडं पडद्याच्या कापडात उभी.

मजकुराच्या शेवटी विनंती होती की देशातल्या सगळ्या वर्तमानपत्रांनी ही बातमी उचलावी. आणि उचललीही. त्या काळात संपादक आपला अंक एकमेकांना टपालाने पाठवायचे आणि अशा अंकांना टपालखर्च लागायचा नाही, कायद्यानेच तशी सोय होती, त्यामुळे एका गावची बातमी दुसऱ्या गावच्या पेपरात जशीच्या तशी छापली जायची आणि त्यात चोरी वगैरे कुणाला वाटायचं नाही. २९ ऑक्टोबरला ती 'अमेरिकन प्रेस्बिटेरियन' नावाच्या धार्मिक साप्ताहिकात आली (प्रेस्बिटेरियन हा प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोकांचा एक पंथ), आणि त्याची एक प्रत न्यूयॉर्क राज्यातल्या पोर्टव्हिल गावात पोचली.

पोर्टव्हिलमध्ये फिलिंडा ह्युमिस्टन राहायची. नवरा अमोस, घोड्यांचा चामडी साज बनवणारा कारागीर, लग्नाआधी व्हेलच्या शिकारीच्या जहाजावरही तीनेक वर्षं जाऊन आलेला. १८६२ च्या उन्हाळ्यात तो फौजेत भरती झाला. गेटिसबर्गच्या लढाईनंतर त्याचं एकही पत्र आलेलं नव्हतं. तिने काही महिन्यांपूर्वी मुलांचा फोटो काढून त्याला पाठवला होता. आता पेपरात मुलांचं वर्णन, उंच खुर्ची, कापड. गावच्या पोस्टमास्तरने तिच्या वतीने बर्न्सना लिहिलं, बर्न्सनी मूळ फोटो नाही पाठवला, त्याची कागदी प्रत पाठवली, आणि नोव्हेंबरच्या मध्यावर ती पाकिटातून निघाली तेव्हा फिलिंडाला कळलं की मुलं आपली आहेत, म्हणजे मेलेला माणूस आपला आहे.

फ्रँक, अ‍ॅलिस आणि फ्रेड. ओळख पटल्याची बातमी त्याच साप्ताहिकात १९ नोव्हेंबरला आली, ज्या दिवशी लिंकन गेटिसबर्गला दफनभूमीच्या कार्यक्रमात भाषण करत होते.

थोडं विषयांतर करतो, पण मला ते अगदी जवळचं वाटतं. अशाच एका प्रेस्बिटेरियन वळणाच्या छापील कागदाने आपल्या आनंदीबाई जोशींना अमेरिकेत नेलं. गोपाळरावांचं पत्र वाइल्डर नावाच्या मिशनऱ्याच्या 'मिशनरी रिव्ह्यू'मध्ये छापून आलं, आणि १८८० मध्ये न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या कार्पेंटरबाई दाताच्या डॉक्टरकडे नंबर लागायची वाट बघत बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती आला. असले अंक एका घरातून दुसऱ्या घरात फिरायचे, दवाखान्यात पडून असायचे, शिळे झाले तरी कुणी ना कुणी वाचायचं. ज्याला आपण रद्दी म्हणतो त्या रद्दीचा प्रवास बघायला शिकलं पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

आता फोटो ही वस्तू म्हणून काय होती ते बघू. पेपरात त्याला अँब्रोटाइप म्हटलंय. अँब्रोटाइप म्हणजे काचेवरचा फोटो, मुद्दाम कमी उजेड दिलेली निगेटिव्हच असते ती, पण मागे काळा लाखेचा थर किंवा काळं कापड ठेवलं की उलटं चित्र सुलट दिसायला लागतं. पितळेची चौकट, आतून मखमल लावलेली छोटी डबी, डबीला आकडा. याची दुसरी प्रत निघत नाही, एकच असतो. माझ्याकडे असा एक आहे, कुणाचा ते माहीत नाही, एक म्हातारी आणि तिच्या मांडीवर पुस्तक. मागचा काळा थर अर्ध्या भागात पोपडे धरून गळलाय, त्यामुळे डबी उघडली की म्हातारीचा चेहरा नीट दिसतो आणि कमरेखाली नुसती पारदर्शक काच, मागची मखमल दिसते. काचेमागे काळा कागद सरकवला की मांडी, पुस्तक, हाताची बोटं, सगळं परत येतं. कितीही वेळा केलं तरी दर वेळी मला गलबलतं. असली डबी खिशात घेऊन माणूस युद्धावर गेला, आणि गोळी लागल्यावर ती उघडून समोर धरली, हे मग नुसतं वाक्य राहत नाही, काचेला उजेड लागेल अशी ती तिरपी धरावी लागते हे कळतं.

कागदी प्रतींची गोष्ट वेगळी. त्यांना कार्ट-द-व्हिझिट म्हणतात, व्हिजिटिंग कार्डाच्या मापाचा फोटो, साधारण अडीच बाय चार इंचाच्या पुठ्ठ्यावर चिकटवलेला पातळ कागद, अंड्याच्या पांढऱ्याचा लेप दिलेला. पॅरिसमध्ये १८५४ ला पेटंट झालं आणि १८६० च्या सुमाराला अमेरिकेत अक्षरशः वेड लागलं लोकांना, घरोघरी अल्बम, त्यात आजी, मामा, जनरल, नट्या सगळे शेजारी शेजारी. स्वस्त, हलकं, पाकिटात घालून टपालाने जाणारं. बर्न्सनी मुलांच्या फोटोची अशी कार्डं आधी ओळख पटवण्यासाठी करून घेतली आणि मग विकायला काढली, सैनिकांच्या अनाथ मुलांसाठी आश्रम काढायचा म्हणून. मुलांवर गाणं झालं, त्याचीही छापील प्रत निघाली, घरातल्या पियानोवर वाजवायला. काही महिन्यांत तीन मुलं देशभर माहीत झाली.

आणि या कार्डाची मागची बाजू वाचा, मी तर म्हणेन पुढची नंतर बघा. मागे छापलंय की गेटिसबर्गच्या रणांगणावर मृतावस्थेत पडलेल्या, १५४व्या न्यूयॉर्क पलटणीच्या सार्जंट ह्युमिस्टनच्या हातात सापडलेल्या फेरोटाइपची ही प्रत आहे, विक्री आश्रमासाठी आहे, खाली फिलाडेल्फियाच्या चेस्टनट स्ट्रीटवरच्या वेंडेरोथ, टेलर अँड ब्राऊन या स्टुडिओचं नाव आणि पत्ता, आणि बर्न्सचं नाव.

फेरोटाइप! फेरोटाइप म्हणजे लोखंडी पत्र्यावरचा फोटो, काचेवरचा नाही. पेपर म्हणतो काच, कार्ड म्हणतो पत्रा. एकच वस्तू, दोन छापील पुरावे, दोघांचं एकमत नाही. मूळ वस्तू हातात असेल तर हा वाद एका मिनिटात मिटतो, पत्रा असेल तर लोहचुंबक ओढतो, काच असेल तर नाही. पण प्रतीवरून ते ठरत नाही, प्रतीत काच आणि पत्रा सारखेच दिसतात. बहुतेक लिहिणारे अँब्रोटाइप म्हणतात, मीही वर तेच लिहिलंय, पण नोंद करताना दोन्ही शब्द आणि कोणता कुठून आला हे लिहावं असं माझं स्पष्ट मत आहे, कारण एकदा का आपण एक शब्द खोडला की पुढच्याला तो प्रश्न होता हेच कळत नाही.

मागच्या बाजूचा आणखी एक उपयोग म्हणजे तारीख. १ सप्टेंबर १८६४ पासून १ ऑगस्ट १८६६ पर्यंत अमेरिकेत विकलेल्या फोटोवर युद्धखर्चाचा कर होता, पंचवीस सेंटपर्यंतच्या फोटोला दोन सेंटचा स्टॅम्प, त्यावर पन्नासपर्यंत तीन, मग एक डॉलरपर्यंत पाच, आणि फोटोवाल्याने तो शाईने रद्द करायचा, आद्याक्षरं आणि तारीख टाकून. म्हणजे कार्डामागे स्टॅम्प दिसला की दोन वर्षांच्या आत आलात तुम्ही, आणि शाईची तारीख असेल तर दिवससुद्धा मिळतो, शिवाय किंमत किती होती याचा अंदाजही. मला एकदा एका खोक्यात साधी घरगुती कार्डं मिळाली, बायका, पोरं, एक कुत्रं, आणि त्यातल्या चार-पाचांच्या मागे फिकट चौकोन होता, आजूबाजूचा पुठ्ठा पिवळा पडलेला आणि मधेच स्वच्छ चौकोन. कुणीतरी स्टॅम्प जमवणाऱ्याने पाण्यात भिजवून तिकिटं काढून घेतली होती. त्याच्या अल्बमात तिकीट गेलं, कार्डाची तारीख गेली. एका चौकोनाच्या कडेला शाईचा जेमतेम अर्धा आकडा उरलाय, त्यावरून मी कितीतरी संध्याकाळी घालवल्या. कृपा करून असं करू नका, चिकटवलेलं चिकटलेलंच राहू द्या.

परत ह्युमिस्टनकडे. २ जानेवारी १८६४ ला बर्न्स स्वतः पोर्टव्हिलला जाऊन मूळ फोटो फिलिंडाच्या हातात देऊन आले. १८६६ मध्ये गेटिसबर्गला आश्रम उघडला, फिलिंडा मुलांना घेऊन तिथं कामाला आली, आणि १८६९ साली दुसरं लग्न होईपर्यंत तिथंच राहिली. १८६७ मध्ये युद्धात उत्तरेच्या फौजेचे सरसेनापती असलेले जनरल ग्रँट तिथं येऊन गेले. आश्रमाचे, रांगेत उभ्या केलेल्या अनाथ मुलांचे फोटो निघाले, शेजारी शेजारी दोन फोटो असलेली, खास भिंगातून बघितली की खोलपणा जाणवतो तसली जोडचित्रंही विकली गेली. त्या चित्रांत सगळं ठाकठीक आहे. पण १८७० नंतर रोझा कारमायकल नावाची बाई तिथं मुख्य झाली आणि तिने मुलांना मारहाण केली, छळलं, खटला झाला, ती दोषी ठरली, बर्न्सवर पैशांच्या गैरव्यवहाराचे आरोप झाले आणि १८७७ मध्ये आश्रम बंद पडला. छळाचं कुणी कार्ड काढलं नाही, ते आपल्याला कोर्टाच्या आणि पेपरच्या नोंदींतून कळतं. म्हणून विकण्यासाठी छापलेल्या चित्राला मी नेहमी विचारतो, तुला विकत कोण घेणार होतं.

या सगळ्यात मला जे सांगायचंय ते असं. हा फोटो अमोस ह्युमिस्टनचा म्हणून ओळखला जातो. गेटिसबर्गला स्ट्रॅटन स्ट्रीटवर १९९३ मध्ये त्याचं स्मारक झालं, त्या अख्ख्या रणभूमीवर एका साध्या सैनिकाचं एवढं एकच, आणि ते व्हायलाच हवं होतं. पण हा फोटो रोजच्या जगण्याची नोंद म्हणून वाचायचा तर तो मला फिलिंडाचा वाटतो. फोटोत ती नाहीये. नवरा लांब, हातात तीन पोरं, घरात पैसा जेमतेम, त्यात तिने मुलांना आवरून, केस विंचरून फोटोवाल्यापुढे बसवलं, धाकट्याला खुर्चीत नीट धरून ठेवलं असेल कुणीतरी, मग काचेची डबी गुंडाळून फौजेच्या पत्त्यावर टपालात टाकली. रणांगणावरून आलेलं म्हणून जे चित्र देशाने विकत घेतलं ते मुळात स्वयंपाकघरातून निघालेलं होतं.

आणि ते पोचलं होतं. अमोसचं मे १८६३ मधलं पत्र आहे, स्पेलिंग मनाला येईल तसं, विरामचिन्हं नाहीत, त्यात तो लिहितो की मुलांची छबी मिळाली, तू दुसरं काहीही पाठवलं असतंस तरी एवढा आनंद झाला नसता, त्यांना आणि त्यांच्या आईला बघावंसं किती वाटतंय ते सांगता येत नाही. त्याआधी मार्चमध्ये त्याने बायकोसाठी एक कविताही लिहून पाठवली होती, तिच्यात ती मुलांना झोपवतेय, पांघरूण घालतेय, आणि मुलांची नावं लाडाने घेतलीत. मेमधल्या त्या पत्रानंतर दोन महिन्यांच्या आत तो गेला.

कार्डाच्या एका आवृत्तीत फोटोखाली तिन्ही मुलांची नावं छापलीत. मागे सार्जंटचं नाव, पलटणीचा नंबर, डॉक्टरांचं नाव, स्टुडिओचं नाव, रस्त्याचं नाव आणि दुकानाचा नंबर. फिलिंडाचं नाव कुठेच नाही, त्यामुळे माझ्याकडे या कार्डाची जी छापील प्रत आहे तिच्या पाकिटावर मी पेन्सिलीने लिहून ठेवलंय: फोटो काढून घेतला फिलिंडा ह्युमिस्टन, पोर्टव्हिल, मे १८६३ च्या आधी.